घरातला फोटो आणि नौदलातला 'टोपास'

आमच्या घरात भिंतीवर तीन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची आणि तिसरी तात्यांची. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. तसबिरीत गळ्यापासून वरचा चेहरा, डोक्यावर खलाशाची गोल टोपी आणि टोपीच्या फितीवर इंग्रजी अक्षरे : एच. एम. आय. एस. 'आमचे तात्या दुसऱ्या महायुद्धात आरमारात तोफेवर होते, पुढे नाविकांच्या बंडातही होते,' हे ऐकतच आम्ही भावंडे वाढलो. शाळेत कुणी जात काढली की मी तात्यांना पुढे करीत असे. अंगावर शर्ट धड नसलेल्या पोराला तेवढेच एक हत्यार होते.

तात्यांवर लिहायचे ठरविले तेव्हा हातात होता तो हा फोटोच. १९३४ पर्यंत येथल्या आरमाराचे नाव रॉयल इंडियन मरीन होते. त्या वर्षी ते रॉयल इंडियन नेव्ही झाले. एच. एम. आय. एस. ही अद्याक्षरे त्या नौदलाच्या जहाजांची. पण अक्षरांपुढे जहाजाचे नाव का नाही? युद्धकाळात शत्रूला सुगावा लागू नये म्हणून फितीवरचे नाव गाळीत व नुसती अद्याक्षरे ठेवीत. म्हणजे फोटो युद्धातला! मला आनंद झाला. परंतु पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकू लागली. टोपीची सावली कपाळावर पडलेलीच नव्हती.

उलगडा झाला तो आत्याच्या ट्रंकेत. तिथे मूळ फोटो होता, तळहाताएवढा. जहाजाच्या डेकवर सगळे बसलेले : मधोमध खुर्च्यांवर गोरे अधिकारी, मागे रांगांनी खलाशी, आणि मागच्या रांगेच्या अगदी टोकाला, दोन हात अंतर सोडून, उघड्या डोक्याने उभे असलेले तात्या. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत तेवढा चेहरा मोठा करून घेताना रंगाऱ्याने शेजारच्या खलाशाची टोपी पाहून ती तात्यांच्या डोक्यावर रंगविली होती. पैसे आजीने दिले होते, असे आत्या म्हणाली.

त्याच ट्रंकेत एक पदक होते, १९३९-४५ चे वॉर मेडल. एका बाजूला सहाव्या जॉर्जचे डोके, दुसऱ्या बाजूला राक्षसी सर्पावर उभा सिंह. असे पदक इंग्रज शिपायाला कोरेच मिळे; हिंदी माणसाच्या पदकाच्या कडेवर मात्र नाव कोरलेले सापडते. भिंगातून वाचले. नंबर, तात्यांचे नाव आणि पुढे हुद्दा : टोपास.

हा शब्द वाचकांपैकी अनेकांना नवा असेल. सतराव्या-अठराव्या शतकांत पोर्तुगीज वंश सांगणाऱ्या काळ्या ख्रिस्ती लोकांना, विशेषतः त्यांच्यातल्या शिपायांना, टोपास म्हणत. कुणी त्याचा संबंध 'टोपी'शी जोडतात, कुणी 'दुभाषी'शी. पुढे जहाजांवर हा शब्द घसरत घसरत संडास-मोऱ्या साफ करणाऱ्या माणसाचा झाला. बंदूकवाल्याचे नाव झाडूवाल्याला मिळाले आणि नौदलाने तो रीतसर हुद्दा करून टाकला. १९३९ साली दोन हजारांच्या आत असलेले हे नौदल युद्ध संपता संपता पंचवीस हजारांपुढे गेले. नवी जहाजे आली, नव्या तोफा आल्या, बिनतारी यंत्रे आली. गावकुसाबाहेरचे काम मात्र गावकुसाबाहेरच्यांनीच करायचे, हा नियम पाण्यावरही कायम राहिला. किनारा सोडताना माणसाने जात मागे ठेवावी म्हटले, तरी भरतीच्या कागदावर ती अगोदरच चढलेली असे.

आणि हे कुणाच्या वाट्याला? ज्यांचे पूर्वज एकेकाळी कंपनीच्या लढाऊ जहाजांवर बंदूक घेऊन गेले, त्यांच्या. मुंबई फौजेच्या मरीन बटालियनमध्ये महार शिपाई होते, याचा अभिमान आपले लोक बाळगतात. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. तिच्याविरुद्ध दापोलीहून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर, बेळगावला महार रेजिमेंट निघाली. तात्यांचा थोरला चुलतभाऊ तीत गेला. तात्या मुंबईला गोदीवर काम शोधायला गेले आणि नौदलात चिकटले. दोघेही घरी 'फौजी'च.

कचेरीशी पत्रव्यवहार करून दोन वर्षांनी एक टंकलिखित उतारा मिळाला. भरती १९४३, वर्तणूक उत्तम, मुक्तता १२ जानेवारी १९४६. नाविकांचे बंड 'तलवार'वर सुरू झाले ते १८ फेब्रुवारी १९४६ ला. तेव्हा तात्या नौदलातून सुटलेले होते. म्हणजे बंडाचीही कथा गेली. आपल्या घराण्याचा इतिहास लिहिताना सोयीचे तेवढेच ठेवायचे, तर मग बखरकारांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार काय?

तरी एक गोष्ट मी खोडीत नाही. तात्या सांगत की, तोफा सुरू झाल्या की झाडू बाजूला ठेवून तेही खालून गोळे वर देत. त्याला कागद नाही. पण समुद्रात मेलेल्या हिंदी नाविकांची, व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसह सहा हजारांवर नावे असलेली नोंदवही मुंबईच्या सीमेन्स होममध्ये आहे, तिची जोडप्रत चितगावला आहे. आणि युद्धात मेलेल्या नौसैनिकांच्या नोंदींत हुद्द्याच्या जागी 'टोपास' हा शब्दही येतो. ते मोरी धुतानाच मेले, असे म्हणण्यालाही कागद नाही.

हा मजकूर आत्याला वाचून दाखविला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो हागणदारी धुवायचा ते आयेला ठावं होतं. आमाला सगळ्यांनाच ठावं होतं. तुला सांगितलं न्हाय, तू शाळेत जात हुतास म्हणून."

मी म्हटले, "आत्या, आता मूळ फोटोच भिंतीवर लावू या का?"

"लाव. पण दुसरा काढू नकोस. ती टोपी आयेनं भांडी विकून घातली हुती त्येला."

सध्या दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत.