पान नंबर ७३

आमच्या चिरंजीवांची आणि माझी गाठ सध्या फक्त जेवणाच्या ताटावर पडते. परवा असाच तो एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर तलवार चालवत होता. एकाएकी पडद्यावर लालभडक काहीतरी उडालं. मी दचकून विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही बाबा, मेलो," तो म्हणाला आणि त्याने आमटी भुरकली. "चालतं. सेव्ह केलंय."

मेलो, चालतं, सेव्ह केलंय! चोवीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला हे वाक्य कसं लागलं असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. आमच्याकडे चुकीची एक नोंद उलटवायची तर साहेबांपुढे अर्धा तास उभं राहावं लागतं, आणि हा पठ्ठ्या मरण उलटवतो!

"आमच्या वेळी मेलं की मेलं," मी म्हणालो. "फार तर आधीच्या पानात बोट घालून ठेवलेलं असायचं."

"पानात?"

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "झालं! आता इंदापूर सुरू होणार."

तर, इंदापूर. साल १९९१. मी सातवीत होतो. आम्हांला इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे मांजर टेबलावर आहे की टेबलाखाली, इथपर्यंत आमची प्रगती झाली होती. अशात पुण्याचे मामा आले आणि भाच्याचं इंग्रजी सुधारावं म्हणून जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेलं एक पुस्तक देऊन गेले. नाव 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन'. वर एक दाढीवाला जादूगार. शेवटची काही पानं गायब, म्हणूनच स्वस्तात मिळालं असणार.

हे पुस्तक सरळ वाचायचं नव्हतं. त्यात चारशे तुकडे, प्रत्येकाला नंबर. गोष्टीचा नायक म्हणजे तुम्ही स्वतः. डोंगराच्या गुहेत शिरलात की लगेच फाटा. पश्चिमेला जायचं असेल तर ७१ पाहा, पूर्वेला जायचं असेल तर २७८. तिथे गेलं की आणखी एक दार, दारामागे एक राक्षस, आणि त्याच्याशी लढायला दोन फासे. सुरुवातीलाच फासे टाकून आपलं कौशल्य, आपला दम आणि आपलं नशीब किती, ते पेन्सिलीने लिहून ठेवायचं. नशीब वापरलं की कमी होतं, हे पुस्तकाने मला बाराव्या वर्षीच सांगितलं होतं. मीच लक्ष दिलं नाही.

फासे आम्ही सापशिडीतले घेतले. सापशिडी म्हणजे आपला जुना मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. पण मोक्षपटात माणसाला विचारतंय कोण? दान पडेल तिकडे जायचं. साप आला की खाली, शिडी आली की वर. या इंग्रजी पुस्तकात मात्र दर दोन मिनिटांनी कुणीतरी आदराने विचारत होतं, "आता तू काय करणार?" इंदापुरात मला असं तोवर कुणीही विचारलेलं नव्हतं.

देवळाच्या पारावर आम्हां चार जणांचं वाचनमंडळ बसायचं. मी डिक्शनरी घेऊन अर्थ लावायचा आणि बाकीच्यांनी मतं द्यायची. 'ऑर्क' नावाचा प्राणी डिक्शनरीत सापडेना, तेव्हा तो 'अर्क' असावा असं ठरलं आणि वागणुकीवरून ते खरंही निघालं. तलाठ्याचा मुलगा कुठल्याही फाट्यावर आधी विचारायचा, "ती जागा कुणाच्या नावावर आहे?" एसटी कंडक्टरच्या मुलाचं म्हणणं एकच, आधी आत शिरा, मग बघू. त्याच्यामुळे आम्ही असंख्य वेळा मेलो. पण माझी तर्जनी मागच्या फाट्यावर, मधलं बोट त्याच्या मागच्या फाट्यावर, अशी तयारी असल्यामुळे पुन्हा जिवंतही झालो. बोटं संपली की मात्र खरं मरावं लागे.

पुढे नोकरी लागल्यावर दुपारच्या डब्याच्या वेळात मी या पुस्तकांचा इतिहास हुडकला. डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डेन हॉपकिन्स या दोन बायकांनी अमेरिकेत १९३० साली 'कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस' हे असं पुस्तक काढलं होतं. म्हणजे 'परिणामांचा विचार कर'. हे नाव कुठल्याही घरातल्या बाईला सुचलं असतं. त्यानंतर एडवर्ड पॅकार्ड नावाचा वकील आला. तो रात्री मुलींना गोष्टी सांगायचा. एके रात्री पुढचं सुचेना, म्हणून त्याने मुलींनाच विचारलं, "आता याने काय करावं?" दोघींनी दोन उत्तरं दिली. आपण असतो तर "झोपा आता" म्हटलं असतं. हा वकील पडला, त्याने दोन्ही बाजू लिहून काढल्या. ते पुस्तक १९७६मध्ये निघालं आणि १९७९पासून 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' ही मोठी मालिकाच सुरू झाली. तिच्या पंचवीस कोटी प्रती खपल्या म्हणतात. आमचा जादूगार इंग्लंडचा, १९८२चा. स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन या दोन मित्रांनी तो मिळून लिहिला.

हे सगळं वाचताना मला मात्र आपला वेताळ आठवत होता. 'चांदोबा'तलं शंकर यांचं ते चित्र आठवा. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि चेहऱ्यावर महिनाअखेरीची शांतता. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी राजालाच विचारतो, "सांग, खरा न्यायी कोण?" उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी पुन्हा झाडावर. म्हणजे फाटे दोन आणि दोन्ही वाईट. बँकेतल्या प्रमोशनसारखं. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त हा राजा त्रिविक्रमसेन म्हणून सांगितला आहे आणि त्याचं गाव दिलं आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण! पाठीवर ओझं घेऊन फाट्यावर अडलेला पहिला गडी मराठी मुलखातलाच निघाला, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

पण आमच्या पुस्तकाला शेवट नव्हता. जादूगाराच्या पेटीपर्यंत पोचलं की पान गहाळ. तेव्हा आम्ही ठरवलं, आपणच पुस्तक लिहायचं. दोनशेपानी वही आणली आणि आमचं 'उजनीचा राक्षस' सुरू झालं. पान एक: "तू उजनीच्या काठावर उभा आहेस. अंधार पडला आहे. होडीत बसायचं असेल तर पान ९ पाहा. घरी जाऊन अभ्यास करायचा असेल तर पान २ पाहा." पान दोनवर एवढंच होतं, "तू कंटाळून मेलास."

संध्याकाळी मी ओट्यावर बसून ही वही लिहीत असे. शेजारी आबा, म्हणजे माझे आजोबा, तंबाखू मळत बसलेले असत. एकदा त्यांनी विचारलं, "काय लिवतोयस रं एवढं?"

मी सगळं समजावून सांगितलं. फाटे, नंबर, बोट घालून ठेवणं. ते बराच वेळ गप्प राहिले.

"म्हंजी मागं जाता येतं व्हय?"

"येतं ना. बोट ठेवलं असलं तर."

"मग आपल्या गावाचं एक पान कर की. धरण झालंच न्हाई, आसं."

आमचं मूळ गाव पळसदेवच्या बाजूचं. नाव सांगत नाही. ते पाण्यातच बरं आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसी पाणी म्हणजे किती, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला आकड्यात कळतं. आबांना ते घर, विहीर आणि अकरा एकर इतकं कळत होतं. त्यांच्यापुढेही फाटा होता. पुनर्वसनात मिळेल तिथली जमीन घ्यायची, की मोबदला उचलून इंदापूर गाठायचं? आबांनी दुसरा धरला. पैसे तीन वर्षांत संपले. बोट त्यांनी कुठेच ठेवलेलं नव्हतं.

मी पान ७३ काढलं आणि आबा सांगत गेले. पूर्वेकडे तोंड असलेला दरवाजा. उंबऱ्याला पडलेली चीर. विहिरीवरची चिंच. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत लावलेली कलिंगडं, आणि ती राखायला जाऊन तिथेच झोपणारा त्यांचा थोरला भाऊ. पान पुरेना म्हणून मी अक्षर बारीक केलं.

लिहून झालं आणि मग अडचण उभी राहिली. या पानावर यायचं कुठून? 'धरण व्हायला नको असेल तर ७३ पाहा' असं लिहावं, तर असा फाटा नायकापुढे येणार कधी? तो जन्मला तेव्हा पाणी भरलेलं होतं. शिवाय हिशेब केला, तेव्हा आणखीच घोळ निघाला. गाव बुडालं म्हणून आबा इंदापूरला आले. इंदापूरला आले म्हणून वडिलांना साखर कारखान्यात नोकरी लागली. त्या पाण्यावर ऊस, उसावर कारखाना, कारखान्यावर आमची चूल. नोकरी होती म्हणून आईच्या वडिलांनी मुलगी दिली. म्हणजे पान ७३ खरं धरलं, तर ते लिहिणारा मीच वहीतून गळत होतो! आठ दिवस डोकं खाजवलं. शेवटी आबांना कबूल केलं, "पान आहे, पण तिथे जायला वाटच नाही."

"वाट कशाला पायजे?" आबा म्हणाले. "उघडायचं आन् बसायचं."

आणि ते खरंच तसं करत. वाचता फारसं येत नव्हतं. पण पान उघडून ते मांडीवर ठेवत आणि तंबाखू मळत बसत.

फार उशिरा मला कळलं, की त्या पॅकार्ड वकिलानेही १९८२मध्ये 'इनसाइड यूएफओ ५४-४०' या पुस्तकात हेच केलं होतं. त्यात अल्टिमा नावाचा एक सुखाचा ग्रह आहे. त्याचं पान पुस्तकात आहे. पण कुठल्याही फाट्याने गेलात तरी तिथे पोचता येत नाही. नियम मोडून, पानं चाळूनच ते सापडतं. अमेरिकेतला वकील आणि इंदापूरचा सातवीतला पोरगा एकाच ठिकाणी अडले होते. फरक एवढाच, की त्याने ते मुद्दाम केलं होतं.

पुढे मी बारामतीला येऊन बी.कॉम. केलं आणि बँकेत चिकटलो. मघाशी म्हटलं तसं प्रमोशनचं परिपत्रक आजवर तीनदा आलं. हवं असेल तर बदली, नको असेल तर हीच खुर्ची. तिन्ही वेळा मी खुर्ची धरली. माझ्यानंतर लागलेली मुलं आता मला 'अहो काका' म्हणून फाइल मागतात. लोक म्हणतात, याला महत्त्वाकांक्षा नाही. त्यांना कसं सांगू, की आमच्या घराण्यातल्या एका माणसाने एकदा गाव सोडलं होतं आणि पुढची सतरा वर्षं मी त्याला ओट्यावर बघत होतो!

त्या जादूगाराच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मध्यंतरी मागवली. पेटीला तीन चाव्या लागतात आणि त्यांचे नंबर बरोबर जुळले तर तुम्ही ४०० वर पोचता. तिथे काय असेल म्हणून तीस वर्षं झुरलो होतो. तर सोनंनाणं! सोनं तारण विभागात रोज तेच बघतो, आणि आमच्या तिजोरीला दोनच चाव्या पुरतात.

हे सगळं ऐकून चिरंजीव म्हणाला, "ती वही आहे का अजून?"

वही माळ्यावर होती. 'उजनीचा राक्षस' वाचून तो मनापासून हसला. पान दोनवर तर फारच. मग चाळता चाळता ७३ वर थांबला. मोबाइल उलटा ठेवून त्याने ते बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं.

"बाबा, हे खरं आहे?"

"मे महिन्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. जाऊ या तेव्हा. आपल्या गावाचं काही दिसेल असं नाही."

"पण या पानावर यायचं कुठून? कुठेच नंबर दिलेला नाही."

"नाहीच दिलेला. सरळ उघडायचं."

"म्हणजे चीटिंग!"

"हो," मी म्हणालो. "तुझ्या पणजोबांना चालायचं."

त्याने वही मिटली नाही. ७३ मध्ये बोट घालून तो पुन्हा पान एकवर गेला आणि वाट शोधू लागला.