खुंट्यांची भाषा

आम्ही प्रोग्रामर लोक डोमेन-स्पेसिफिक लँग्वेज हा शब्द असा काही फेकतो, की जणू ही कल्पना आमच्याच पिढीत जन्मली! फार झालं तर १९८६ सालच्या जॉन बेंटलीच्या "छोट्या भाषा" या लेखापर्यंत मागे जातो. मीही तसाच होतो. मग एका शनिवारी कोल्हापूरहून इचलकरंजीला काकांकडे गेलो आणि त्यांनी माळ्यावरून एक गोणपाट खाली काढलं. आत लाकडी पट्ट्यांची एक माळ, भोकाभोकांची, काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या. सोबत साडीच्या काठाचा वीतभर तुकडा. "हे डिझाईन परत विणायचंय. एका ओळखीच्याकडे नवा इलेक्ट्रॉनिक डॉबीचा माग आहे, पण त्याला फाईल लागते म्हणे. करशील काय?"

काकांचे माग केव्हाच भंगारात गेले. डिझाईनचा कागदही नाही. उरलं ते एवढंच.

आता थोडा इतिहास. इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग चालवला. पुढे त्याचं काय झालं ते गावात शिरताच कानाला कळतं. साध्या मागावर ताण्याचे धागे वरखाली करायचं काम लोखंडी कॅम करतात. साध्या विणीला दोन कॅम, दोन पिकांनंतर पुन्हा तेच. (पीक म्हणजे आडव्या बाण्याचा एक धागा. मागवाल्याची मजुरीही पिकावर ठरते.) वीण बदलायची तर कॅम बदला, गिअर बदला. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डकोडिंग! प्रोग्राम लोखंडात ओतलेला.

डॉबीने ते सोडवलं. यॉर्कशायरमधल्या कीथली गावच्या हॅटर्स्ली आणि स्मिथ यांची डॉबी १८६७ ची. तिच्यात पट्ट्यांची माळ फिरत असते. खुंटी असेल तर ती वही (धागे ओवलेली चौकट) उचलली जाते, नसेल तर खाली राहते. एका पट्टीवर भोकांच्या दोन ओळी, म्हणजे दोन पिकं. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. हा सरळ सरळ इंटरप्रीटर झाला. यंत्र तेच, टेबल बदला, की कापड बदललं.

जॅकार्डचं (१८०४) कौतुक आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, म्हणून थोडक्यात. तिथे आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची आणि मग एकेका पिकासाठी एकेक कार्ड पंच करायचं. म्हणजे कंपायलर, फक्त माणसाच्या हातातला. सोर्स कागदावर, ऑब्जेक्ट कोड पुठ्ठ्यावर.

पण मला खरी मजा डॉबीतच वाटते, कारण तिथे प्रोग्रामचे दोन तुकडे असतात. कुठला धागा कुठल्या वहीत ओवायचा हे वहिफणीवाला कामगार माग सुरू व्हायच्या आधीच ठरवून ओवून टाकतो. कुठली वही कधी उचलायची हे खुंट्या चालत्या मागावर सांगतात. कापड म्हणजे या दोघांचा गुणाकार, अगदी मॅट्रिक्सचा. तीन हजार धागे असोत, वह्या सोळा असतील तर धाग्यांना सोळाच प्रकारे वागता येतं. एकसारखे वागणारे धागे एका वहीत घालून कमीत कमी वह्यांत नक्षी बसवणं, हे जुने डिझायनर कागदावर करत. ऑप्टिमायझेशनच की ते!

आणि इथेच माझी अडचण होती. गोणपाटात खुंट्या होत्या, ओवणी नव्हती. अर्धा प्रोग्राम! उरलेला अर्धा त्या वीतभर तुकड्यातून काढायचा.

आधी मी नेहमीची चूक केली. विणीसाठी स्वतंत्र भाषा, तिचं व्याकरण, पार्सर... दोन रविवार त्यात गेले. व्याकरण सुंदर झालं, पण ते काकांना वाचता येईना आणि मलाही त्याचा उपयोग होईना. मग सगळं फेकून पायथॉनमध्येच चार फंक्शनं लिहिली: ओव, उचल, आरसा, पुन्हा. यजमान भाषेच्या पोटात राहणारी छोटी भाषा. लूप, चुका दाखवणं, सगळं फुकटात मिळतं. शेवटी डब्ल्यूआयएफ फाईल काढायची. १९९७ पासून हातमागाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा हा साधा टेक्स्ट फॉरमॅट ओवणी आणि उचल वेगवेगळी साठवतो. नुसतं चित्र ठेवलं असतं तर आम्ही पुन्हा गोणपाटापाशीच आलो असतो.

भिंगाखाली तुकड्यातला एकेक उभा धागा मोजला आणि चोवीस पट्ट्यांच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस पिकांच्या, खुंट्यांशी ताडून पाहिला. एकही जुळेना. रात्रभर बग शोधला. सकाळी काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, उलटा धरलायस की तुकडा." उलट्या बाजूला वरचा धागा खाली दिसतो. म्हणजे माझे सगळे शून्य एक झाले होते आणि एकाचे शून्य.

तुकडा पालथा केल्यावर भराभर जुळायला लागलं. बारापैकी अकरा वह्या बरोब्बर. सातव्या वहीचे धागे मात्र एकाच पिकाला अडायचे. कापड म्हणत होतं उचल, माळ म्हणत होती नको. मी म्हटलं, काका, विणतानाच चूक झाली असेल. काकांनी ती पट्टी उजेडात धरली आणि भोकात टाचणी घातली. तुटलेल्या खुंटीचं बूड अजून आतच होतं.