सातबाऱ्यावरचा ‘आकार’ आणि प्रिंगलचं फसलेलं गणित

हेडफोन काढू नका, फक्त मोबाईलवर घरचा सातबारा उघडा. स्वतःच्या नावावर नसेल तर आजोबांचा, चुलत्यांचा, कुणाचाही चालेल. गट नंबर, खातेदारांची नावं, क्षेत्र, मग ‘पोटखराबा’. आणि त्याच्या आसपास एक आकडा दिसेल, ‘आकारणी’. रुपये आणि पैसे. एकरभर जमिनीचा हा आकडा बहुतेक वेळा चहा-वडापावच्या बिलापेक्षाही लहान असतो. म्हणून आपण त्याच्याकडे कधी बघतच नाही.

पण एक काळ असा होता की याच आकड्यामुळे इंदापूर तालुक्यातली माणसं रातोरात गाव सोडून गेली. हा आकडा कसा काढायचा याची पद्धतसुद्धा आधी इथेच फसली आणि नंतर इथेच दुरुस्त झाली. म्हणजे आपल्या अंथुर्ण्याच्या, लासुर्ण्याच्या, निमगावच्या शिवारात. आज या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते. १८३० साली कालवा नव्हता. पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, ज्वारी-बाजरी, आणि पाऊस आला तर आला.

थोडं मागे जाऊ. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा भाग लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला आणि गावंच्या गावं ओस पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने दिला जायचा. जो जास्त बोली लावेल त्याने वसूल करायचा, कसा केला हे कुणी विचारत नसे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकार आलं. सरकारपुढे पहिला प्रश्न हाच होता की शेतकऱ्याकडून सारा घ्यायचा तो किती.

इथे येतो रॉबर्ट कीथ प्रिंगल. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये हेलीबरीला एक कॉलेज होतं आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला होता थॉमस माल्थस. हो, तोच, लोकसंख्येवाला. प्रिंगल त्याचा विद्यार्थी. त्या काळात माल्थस आणि डेव्हिड रिकार्डो यांचा खंडाचा सिद्धांत एकदम नवा होता. रिकार्डोचं पुस्तक १८१७ चं. म्हणजे प्रिंगलने जेव्हा १८२७-२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची पाहणी हाती घेतली, तेव्हा तो ताजी थिअरी घेऊन फिल्डवर उतरला होता.

थिअरी तशी सोपी आहे. समजा तीन रानं आहेत, काळं, तांबडं आणि बरड. (आकडे माझे, समजण्यापुरते.) तिन्हींचा कसण्याचा खर्च सारखाच, पाच मण ज्वारीइतका. काळ्या रानात दहा मण पिकतं, तांबड्यात सात, बरडात पाच. म्हणजे खर्च वजा जाता उरतं पाच, दोन आणि शून्य. हे जे उरतं ते शेतकऱ्याच्या कष्टाचं नाही, ती जमिनीची देणगी आहे, असं रिकार्डो म्हणतो. मग सरकारने त्यातला हिस्सा घेतला तर कुणाचं काय बिघडलं? बरड रानावर कर शून्य, म्हणून ते पडीक पडणार नाही. धान्याचे भावही वाढणार नाहीत. प्रिंगलने हा हिस्सा ठरवला निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के. आपल्या उदाहरणात काळ्याला पावणेतीन मण, तांबड्याला एक मण आणि वर थोडं, बरडाला काहीच नाही.

कागदावर बघितलं तर यापेक्षा न्याय्य कर शोधून सापडणार नाही. मला तर पहिल्यांदा वाचताना प्रिंगलचं कौतुकच वाटलं होतं. मक्तेदाराच्या मनमानीऐवजी प्रत्येक शेताचा वेगळा, हिशेबाने काढलेला आकडा!

आता हाच हिशेब जरा हलवून बघा. तांबड्या रानाचा खर्च कारकुनाने पाच मण लिहिला, पण खरा होता सहा मण. बैल मेला असेल, दुबार पेरणी झाली असेल, काहीही. म्हणजे खरं उरलं दोन नाही, एकच मण. आणि सारा आहे १.१ मण. खर्चात एका मणाची चूक, आणि कर निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्क्यांवरून ११० टक्क्यांवर. एकूण उत्पन्न मोठा आकडा, खर्चही मोठा आकडा, आणि त्यांची वजाबाकी मात्र इवलीशी. दोन मोठ्या आकड्यांतली बारीक चूक वजाबाकीत फुगून बाहेर येते. कोड लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं, पण प्रिंगलला दाखवायला कुणी नव्हतं.

आणि हे आकडे आणायचे कुठून? पीक किती आलं, बी किती लागलं, मजुरी किती गेली, हे सगळं प्रिंगलच्या हाताखालच्या देशी कारकुनांनी गावोगाव विचारून लिहायचं. शेतकरी कमी सांगणार, कारण जास्त सांगितलं तर कर वाढतो. कारकुनाचा पगार तुटपुंजा, आणि त्याच्या हातात जमिनीची प्रत. काळी लिहायची की बरड, हे ज्याच्या बोरूवर अवलंबून, त्याच्या दारात रांग लागणारच. नंतर तपासणी झाली तेव्हा मोजणी बऱ्यापैकी वापरता येण्यासारखी निघाली, पण प्रतवारी आणि हिशेबात लाचखोरीने घोळ घातलेला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सारा रोख रुपयांत होता आणि नेमका त्याच काळात दख्खनमध्ये धान्याचे भाव कोसळत होते. आपल्या काळ्या रानाचा सारा समजा मणाला रुपया भाव धरून पावणेतीन रुपये ठरला. भाव निम्म्यावर आला. आता पावणेतीन रुपये उभे करायला साडेपाच मण विकावे लागणार. निव्वळ उरतात किती? पाच. म्हणजे बरं रान असलेला माणूससुद्धा बुडाला.

१८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली. पुढे काय झालं ते मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या कारभार अहवालात नोंदलेलं आहे. वसुलीसाठी छळ झाला, माणसं घरंदारं टाकून शेजारच्या संस्थानांत पळाली, आणि काही भागांत कसण्याजोग्या जमिनीपैकी फार तर एक तृतीयांश कुणाच्या ताब्यात उरली. जमीन भरपूर आणि माणसं कमी असली की शेतकऱ्याचं शेवटचं हत्यार पाय असतात. नीरा ओलांडली की पलीकडे फलटणसारखं संस्थान होतंच. इंदापूर सगळ्यात वाईट अवस्थेतल्या तालुक्यांपैकी एक झालं. सरकार दरवर्षी सूट देत गेलं आणि सूट कुणाला द्यायची हे पुन्हा त्याच कारकुनांच्या हातात.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा असिस्टंट कलेक्टर इंदापुरात हे सगळं तपासायला लागला. जोडीला बॉम्बे इंजिनिअर्समधला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. (शेवटी इंजिनिअरच बोलवावा लागला, पण ते जाऊ द्या.) दोघांनी एक धाडसी गोष्ट केली. निव्वळ उत्पन्न मोजायचा नादच सोडून दिला.

त्याऐवजी त्यांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. पहिला, या मुलखातून गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात किती वसूल झालं, आणि तेव्हा लागवड वाढत होती की घटत होती? त्यावरून, आणि पाऊसपाणी व बाजाराचं अंतर बघून, एकूण बोजा किती झेपेल ते ठरवायचं. दुसरा, हा बोजा शेताशेतांत वाटायचा कसा? त्यासाठी पीक नाही, मातीच बघायची. काळी, तांबडी की बरड, खोली किती, चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली. पावणेदोन हात खोल उत्तम माती म्हणजे सोळा आणे, आणि तिथून नऊ पायऱ्या उतरत दोन आण्यांपर्यंत. मातीची खोली कुदळीने खणून कुणीही पडताळू शकतो. शेतकरी ती लपवू शकत नाही आणि कारकुनाला ती फार वाकवताही येत नाही. ३३ फुटी साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर, पोटखराबा, हे आपल्या सातबाऱ्यावरचे शब्द त्याच सर्व्हेतून आपल्यापर्यंत आले.

आणि दर तीस वर्षांसाठी बांधून दिला. मधल्या काळात तुम्ही विहीर पाडा, बांध घाला, वाढलेलं उत्पन्न तुमचं. १८३६ पासून इंदापुरात हे लागू झालं. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली, माणसं परतली. मग हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं, पण इंदापूर एवढं सोपं नाही. नव्या पद्धतीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर आली आणि ती विकता किंवा गहाण टाकता येऊ लागली. सारा बेताचा झाला म्हणजे जमिनीला किंमत आली, आणि किंमत आली म्हणजे सावकाराला तारण मिळालं. हप्त्याची तारीख ठरलेली, पाऊस मात्र ठरलेला नाही. आकारणी सरासरी वर्ष धरून काढलेली असते, पण शेतकरी सरासरी वर्षात जगत नाही. यंदा शून्य पिकलं तर सारा कुठून? सावकाराकडून. म्हणजे दुष्काळाचा धोका सरकारने शेतकऱ्यावर टाकला आणि शेतकऱ्याने व्याज भरून सावकाराकडे. विंगेटच्या हे लक्षात आलं होतं. सावकार आणि कोर्टं मिळून शेतकऱ्याचं काय करतायत, हे त्याने १८५२ मध्येच सरकारला लिहून कळवलं होतं.

मग आला तेजीचा काळ. रेल्वेची कामं निघाली, हातात रोख मजुरी आली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि इथे भाव भडकले. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. आणि नेमकं याच काळात इंदापूरची तीस वर्षं संपली. १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली, तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून. सारा भरमसाट वाढला, आणि भाव लगेच उतरले. प्रिंगलची चूक पुन्हा झाली, फक्त यावेळी वेगळ्या दाराने. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न उचलून धरला. १८७४ मध्ये सरकारने मर्यादा घातली की तालुक्याची वाढ ३३ टक्क्यांच्या वर नको, एका गावाची ६६ च्या वर नको, एका खातेदाराची दुपटीच्या वर नको. तोवर उशीर झाला होता. सावकारांनी सारा भरायला पैसे देणं आखडतं घेतलं होतं.

१२ मे १८७५, सुपे. आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. बाजाराचा दिवस. जमावाने सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि रोखे, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण इंदापूरसह आजूबाजूच्या तालुक्यांत पोचलं. माणसांवर हात फार कमी ठिकाणी पडला. लोकांना सावकार नको होता असं नाही, पुढच्या पेरणीला तोच लागणार होता. त्यांना नको होता तो कागद, ज्यावर न वाचताच अंगठा उठवला होता. बॅकअप नसलेला डेटाबेस उडवला म्हणा.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. कर्जाचा खरा व्यवहार काय होता हे कोर्ट तपासू शकेल, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. चांगलाच कायदा. पण सावकारांनी काय केलं? गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, तोंडी वायदा की पैसे फेडलेस तर रान परत देईन. गहाणवट कोर्टात तपासली जायची, विक्रीत शिरणं अवघड. आजही खासगी सावकारीची भांडणं होतात तेव्हा कागद खरेदीखताचाच निघतो, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

आता शेवटी आपल्या उसाकडे येतो, कारण मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं. एफआरपी असते १०.२५ टक्के उताऱ्याला, २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ३४० रुपये होती. पण हा उतारा कुणाचा? तुमच्या उसाचा नाही, अख्ख्या कारखान्याचा सरासरी. तुमचा ऊस बारा महिने पोसलेला, साखर भरलेला असो, की शेजाऱ्याचा पाण्याने फुगवलेला असो, दोघांच्या टनाला दर एकच. वजनकाट्यावर फक्त वजन दिसतं, साखर दिसत नाही. साहजिकच बहुतेक जण वजन वाढवायच्या मागे असतात. प्रत्येक ट्रॉलीची साखर वेगळी मोजावी, असं दरवर्षी कुणीतरी सभेत उठून बोलतो आणि टाळ्या पडतात. तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही, नमुना काढून रस तपासता येतो. पण तो नमुना ट्रॉलीच्या कुठल्या मोळीतून काढायचा आणि काढणारा कुणाचा माणूस, हे विचारलं की सभेत शांतता पसरते. प्रिंगलच्या कारकुनाची मला तेव्हा हटकून आठवण होते.

पुढच्या एपिसोडमध्ये नीरा कालव्याचं पाणी विकत घ्यायला सुरुवातीला शेतकरी का तयार नव्हते, ते बघू. तोवर सातबाऱ्यावरचा आकार किती आहे ते मला कळवा. सर्वात कमी आकडा कुणाचा निघतो ते बघायचंय.