काचेच्या पेटीतला निशाचर

दिवाळी हा उजेडाचा सण. अशा सणाच्या अंकात उजेडाला बिचकणाऱ्या एका प्राण्याची हकीकत सांगावयास बसणे थोडे विपरीतच म्हणावयाचे. त्यातून मी राहणारा हातकणंगल्याचा. पंचगंगा नि वारणा यांच्या मधल्या या उसाच्या मुलखात समुद्र म्हणजे आंबा घाट उतरून जाण्याची गोष्ट! परंतु माणसाने समुद्र घरात कसा आणला, आणि आणल्यावर त्याच्या हाती काय लागले, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. नि त्या इतिहासाचा खरा नायक मासा नसून अष्टपाद, म्हणजे आपण ज्याला ऑक्टोपस म्हणतो, तो आहे.

पाण्यातल्या जिवांचा षौक आपल्याकडेही जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या करमणुकींमध्ये त्याने ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. नदीतले मासे कोणते, समुद्रातले कोणते, त्यांना कोणते खाद्य घालावे, हे सारे त्यात बारकाईने दिले आहे. परंतु हा विनोद गळाच्या टोकाशी जाऊन संपतो. मासा जगतो कसा, हे शांतपणे पाहत बसण्याची कल्पना अजून दूर होती. त्याला पाहिजे होती काच, आणि काचेपेक्षाही अधिक म्हणजे धीर.

हा धीर दाखविला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. झान व्हिलप्रो ही फ्रान्समधल्या झुलियाक गावची मुलगी, जन्म १७९४ चा. तरुणपणी ती पॅरिसला आली, कपडे शिवणाऱ्यांच्या हाताखाली राहिली, आणि १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोषाखावर तिने भरतकाम केले. दोन वर्षांनी जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी तिचा विवाह झाला, आणि ती सिसिली बेटावर मेसिनाला राहावयास गेली. विज्ञानाची पदवी नाही की गुरू नाही. जे काही शिकली, ते पुस्तकांतून आणि समुद्रकाठाने हिंडून.

त्या काळच्या विद्वानांत एक वाद माजला होता. आर्गोनॉट नावाचा एक अष्टपाद आहे. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शिंपल्यात राहते. ते घर तिचे स्वतःचे, की संन्यासी खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचे बळकावलेले? विद्वान हा वाद मेलेल्या प्राण्यांवरून घालीत होते. झानबाईंनी ठरविले की जिवंत प्राण्यालाच विचारावे. १८३२ साली त्यांनी काचेची पेटी करविली, तीत समुद्राचे पाणी भरले, आणि आर्गोनॉट आत सोडला. याखेरीज उथळ पाण्यात ठेवावयाची पेटी आणि खोल पाण्यात नांगरून ठेवावयाचा पिंजरा, असे आणखी दोन प्रकार त्यांनी योजले. त्यांनी शिंपल्याचे तुकडे मोडून पाहिले, तेव्हा मादीने ते सांधले. अंड्यातून निघालेल्या पिलाला शिंपला नसतो, तो ते पुढे स्वतः घडविते, हेही त्यांनी दाखविले. चोरीचा आळ गेला! म्हणजे पहा, आधुनिक मत्स्यालयाची पहिली पेटी शोभेच्या माशासाठी नव्हे, तर एका अष्टपादावरचा खोटा आरोप तपासण्यासाठी तयार झाली.

पुढे १८३८ साली बाईंचा बराचसा संग्रह घेऊन निघालेले जहाज बुडाले. त्या १८७१ साली वारल्या, आणि जग त्यांना विसरलेही. आता शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे.

इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचे ‘ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, आणि घरोघरी दिवाणखान्यात काचेच्या पेट्या आल्या. ज्याला त्याला समुद्र हवासा झाला! त्यातच १८६६ साली व्हिक्टर ह्यूगोने आपल्या एका कादंबरीत अष्टपादाला माणसे गिळणारा राक्षस करून सोडले. मग काय विचारता! १८७२ साली ब्रायटनला मोठे मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा लोकांची गर्दी या ‘राक्षसा’च्या पेटीपुढे. राक्षस मात्र दिवसभर कपारीत अंग चोरून बसे. तेथल्या हेन्री ली या निसर्गशास्त्रज्ञाने १८७५ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. त्यातली एक हकीकत अशी: शेजारच्या टाकीतले मासे एकामागून एक नाहीसे होऊ लागले. चोर सापडेना. अखेर एका सकाळी अष्टपाद त्या टाकीत सापडला. रात्री आपल्या टाकीतून निघावे, भिंत चढून शेजारी जेवून यावे, आणि उजाडण्यापूर्वी घरी परत यावे, असा त्याचा नेम होता!

ही खोड अजून गेलेली नाही. न्यूझीलंडमधल्या नेपिअर येथील मत्स्यालयातून ‘इंकी’ नावाचा अष्टपाद २०१६ साली झाकणाच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गटाराच्या नळापर्यंत गेला, आणि त्या नळातून थेट समुद्रात पोचला. अंगात हाड नाही. चोच शिरेल त्या भोकातून सारा देह बाहेर! म्हणून हा प्राणी पाळणाऱ्याचा पहिला धडा झाकणाचा. दुसरा अंधाराचा: लपावयास कपार हवी, दिवा मंद हवा. त्याला लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून जाणते लोक रात्री लाल दिवा लावून त्याला पाहतात. तिसरा एकांताचा: दोघे एका पेटीत ठेवले, तर एक दुसऱ्याला खाण्याचा संभव फार. चौथा पाण्याचा: त्याची हृदये तीन, रक्त निळे, आणि त्या रक्तात आपल्या लोहाच्या जागी तांबे, पण पाण्यात तांब्याचा अंश मिसळला, तर तेच त्याला विष ठरते.

एवढे करून तो लाभतो किती दिवस? बहुतेक जातींचे आयुष्य वर्षा-दोन वर्षांचे. मादी अंडी घालते आणि अन्न सोडते. अंड्यांवर पाणी फुंकीत, ती स्वच्छ करीत बसते. पिले निघाली की तिचे काम संपले, नि आयुष्यही.

आपल्या महाराष्ट्रात समुद्र काचेआड आला तो १९५१ साली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे; म्हणून त्यांचे नाव. २०१५ साली ते नव्या रूपात, पारदर्शक बोगद्यासह, पुन्हा उघडले. त्यानंतर एकदा शाळेची मुले घेऊन मी तेथे गेलो होतो. एका टाकीत दगडाआड काहीतरी लपले होते. पोरे काचेवर टिचक्या मारू लागली, तसतसे ते आणखी आत गेले. एक मुलगी तेवढी मागे उभी राहून म्हणाली, “गुरुजी, त्याला नसेल यायचं तर?” मला उत्तर सुचले नाही, आणि तेवढ्यात पुढच्या शाळेची रांग आली.

त्या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञही शोधीत होते. नेपल्सच्या संशोधन केंद्रात दुसऱ्या महायुद्धानंतर जे. झेड. यंग आणि त्यांचे सहकारी यांनी अष्टपादाच्या स्मरणशक्तीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. तो शिकतो आणि लक्षात ठेवतो, हे सिद्ध झाले. बिनकण्याच्या प्राण्याला वेदना असते हे कायद्याला पटावयास मात्र वेळ लागला. ब्रिटनने १९९३ साली प्रयोगशाळेतल्या अष्टपादाला कायद्याचे संरक्षण दिले, आणि २०२२ च्या कायद्याने त्याला सुखदुःख जाणणाऱ्या प्राण्यांत बसविले. ॲरिस्टॉटलने मात्र त्याला मूर्ख ठरविले होते. का, तर पाण्यात हात घातला की तो जवळ येतो म्हणून! ज्याला कुतूहल म्हणावे, त्याला त्या थोर पुरुषाने मूर्खपणा म्हटले.

कोणी विचारील, मग पाळावा की पाळू नये? मी एवढेच म्हणेन की काचेचे उपयोग दोन आहेत. झानबाईंची काच प्राण्याचे म्हणणे ऐकावयाची होती. त्याच्या सोयीने त्यांनी पेटी उथळ केली, खोल केली, समुद्रात नेऊन ठेवली. ब्रायटनच्या गर्दीची काच त्याच्याकडून खेळ करवून घ्यावयाची होती. ज्याला पहिली काच जमणार असेल, रात्र रात्र लाल दिव्यापाशी बसून रिकामी कपार पाहण्याची ज्याची तयारी असेल, त्याने खुशाल विचार करावा. बाकीच्यांनी भरतीनंतर कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन डबक्यांशी गुपचूप उकिडवे बसावे. तेथे झाकण लावावे लागत नाही. आणि पाहुण्याला यावयाचे नसेल, तर न येण्याची मुभा त्याला असते.