यंत्राची साक्ष

फोन लागला नाही, तर आपल्याला फार थोडं कळतं. एंगेज टोन येतो, एखादी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, नाहीतर नुसतीच शांतता. पण पलीकडे, फोन जोडून देणाऱ्या यंत्रात त्या क्षणाची एक नोंद तयार झालेली असते. अमुक वेळी अमुक नंबरवरून कॉल आला, अमुक दिशेला पाठवला, अमुक कारणाने तुटला. या नोंदींना आम्ही लॉग म्हणतो. माझ्या पिढीच्या इंजिनिअरसाठी टेलिफोनीचं काम म्हणजे बहुतेक वेळा हे लॉग वाचणंच असतं. सर्व्हर कुठल्या इमारतीत ठेवलाय हे अनेकदा ठाऊकही नसतं. दूरवरून त्याच्या कन्सोलवर लॉगिन करायचं आणि काळ्या स्क्रीनवर तो काय लिहितोय ते बघत बसायचं.

यंत्र स्वतःच्या बिघाडाबद्दल स्वतःच सांगतं, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यालाही इतिहास असेल हे लक्षात येत नाही. तो आहे, आणि त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: या साक्षीदारावर कितपत भरवसा ठेवायचा?

कान, दिवे आणि कार्डं

सुरुवातीच्या एक्स्चेंजमध्ये साक्षीदार माणूसच होता. बोर्डासमोर बसलेल्या ऑपरेटरला कुणाची लाइन खरखरते, कोण फोन उचलत नाही, हे माहीत असायचं. १८९१ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या आल्मन स्ट्राउजरला स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं. हा गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करणारा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, त्याच्या यंत्राने ऑपरेटरला मधून काढलं आणि तिच्याबरोबर सगळं पाहणारी, ऐकणारी व्यक्तीही गेली.

पण स्ट्राउजर एक्स्चेंज मुकं नव्हतं. डायल केलेल्या प्रत्येक आकड्याबरोबर एखादा स्विच खटखट करत वर चढायचा, फिरायचा. मुरलेल्या मेकॅनिकला त्या आवाजावरून काय अडलंय याचा अंदाज यायचा. एखादा कॉल कुठून आलाय हे शोधायचं तर तो चालू असताना एका रॅकवरून दुसऱ्या रॅककडे, वायरचा माग काढत चालत जावं लागे. म्हणजे पुरावा डोळ्यांसमोर असायचा, फक्त कॉल चालू असेपर्यंत.

क्रॉसबार एक्स्चेंज आलं तेव्हा हे बदललं. यात प्रत्येक कॉलसाठी वेगळी यंत्रणा अडकून पडत नसे. 'मार्कर' नावाचं मोजकं नियंत्रण-मंडळ सेकंदाच्याही अंशात एक कॉल जोडून देई आणि पुढच्या कॉलकडे वळे. जोडताना चूक झाली, तर माणूस मान वळवून बघेपर्यंत मार्कर तिसऱ्याच कामात असायचा. पुरावा पुसला गेलेला. बिघाड माणसाच्या नजरेपेक्षा वेगवान झाला होता. मग एकच उपाय उरला: ज्या क्षणी अडलं, त्या क्षणाची अवस्था यंत्रानेच टिपून ठेवायची. आधी त्यासाठी दिव्यांचे फलक आले. पुढे १९४८ साली पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी पहिलं 'नंबर ५ क्रॉसबार' एक्स्चेंज सुरू झालं. या एक्स्चेंजांत बिघाड झाला की एक पुठ्ठ्याचं कार्ड भोकं पाडून बाहेर पडायचं. कोणता मार्कर, कुठवर पोहोचला होता, काय जुळलं, काय जुळलं नाही, ते सगळं त्या भोकांत असायचं. सकाळी येऊन तंत्रज्ञ रात्रीची कार्डं वाचत बसे. आजच्या लॉगचा हा सरळ पूर्वज.

बिघाडांचा शब्दकोश

३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतल्या सकासना इथे बेल कंपनीचं 'नंबर १ ईएसएस' हे साठवलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं एक्स्चेंज सुरू झालं. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त वेळ बंद पडू नये, हे त्याचं उद्दिष्ट होतं. म्हणून आत सगळं दुहेरी होतं, आणि यंत्र सतत स्वतःला तपासत असायचं. काही चुकलं तर टेलिटाइपवर आकडे छापले जात.

त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? बेल लॅब्जने याआधीच्या प्रायोगिक एक्स्चेंजच्या वेळीच त्यावर मजेदार उत्तर काढलं होतं. त्यांनी मुद्दाम यंत्रात एकेक बिघाड घातला, प्रत्येक वेळी यंत्र काय सांगतं ते लिहून घेतलं आणि त्याचा चक्क एक शब्दकोश तयार केला. टेलिटाइपवर आलेला आकडा त्यात शोधायचा आणि समोर लिहिलेलं सर्किट बोर्ड बदलायचं.

या कल्पनेत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आजही तितकीच खरी आहे. शब्दकोशात तेच बिघाड सापडणार, जे कुणीतरी आधी कल्पून, घालून बघितले होते. ज्याची कल्पनाच कुणी केली नाही, त्याच्यासाठी यंत्राकडे शब्द नाही.

एकदा यंत्र टेलिटाइपवर बोलू लागलं की तो टेलिटाइप यंत्राशेजारीच असायला हवा असं नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत अनेक एक्स्चेंजांचे संदेश एका केंद्रात आणायला सुरुवात झाली. तिथे बसलेला माणूस दूरवरच्या एक्स्चेंजला आज्ञा देऊ शकत होता. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं बिघाडाची बातमी माणसामार्फतच जायची. फोन 'डेड' झाला की शेजाऱ्यांकडे जाऊन १९८ फिरवायचा आणि लाइनमनची वाट बघायची. साक्षीदार ग्राहक होता, आणि त्याचं ऐकून घेतलं जाईलच असं नव्हतं.

सगळे खरं बोलत होते

१५ जानेवारी १९९०, सोमवार, दुपारी २ वाजून २५ मिनिटं. एटी अँड टी कंपनीच्या न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर इथल्या नियंत्रण केंद्रात भिंतभर स्क्रीन लावलेले होते. त्यांवर देशभरातून बिघाडाच्या लाल खुणा उमटू लागल्या. लांब पल्ल्याचे कॉल जोडणाऱ्या तिच्या जाळ्यात ११४ मोठे स्विच होते. ते एकामागून एक बंद पडत होते, काही सेकंदांत सावरत होते आणि पुन्हा पडत होते. रात्री साडेअकरापर्यंत, सुमारे नऊ तास हे चाललं. त्या काळात जवळजवळ निम्मे कॉल लागलेच नाहीत.

कारण पुढे सापडलं. न्यूयॉर्कमधल्या एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. त्याने नियमाप्रमाणे शेजाऱ्यांना 'मला कॉल पाठवू नका' असं कळवलं, चार-सहा सेकंदांत स्वतःला सावरलं आणि पुन्हा कॉल पाठवू लागला. डिसेंबरच्या मध्यात सगळ्या स्विचांत नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. त्यानुसार सावरलेल्या स्विचकडून कॉल आला की शेजाऱ्याने तो परत आल्याची नोंद करायची. ही नोंद चालू असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात, दुसरा कॉल आला तर मात्र शेजाऱ्याची माहिती खराब व्हायची. सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये एक 'ब्रेक' चुकीच्या जागी पडला होता, तेवढंच. मग तो शेजारी म्हणायचा, माझ्यात बिघाड आहे, सावरतो. आणि तो सावरून परत आला की त्याच्या शेजाऱ्यांवर तीच पाळी.

यातला प्रत्येक स्विच आपल्यापुरतं खरंच बोलत होता: 'बिघाड आढळला, सावरलो, ठीक आहे.' शब्दकोशात हे सगळे शब्द होते. नव्हता तो एवढाच शब्द, की आमचं सावरणंच एकमेकांना पाडतंय. ते एकट्या कुणाच्याच नोंदीत दिसणार नव्हतं. इंजिनिअरांनी स्विचांमधल्या संदेशांचा ओघ कमी केला, रात्र झाल्यावर कॉलही घटले आणि जाळं शांत झालं. दूरवरच्या यंत्रांचे संदेश एका खोलीत आणता येतात, पण त्यांचा एकत्रित अर्थ तरीही माणसालाच लावावा लागतो, हे त्या नऊ तासांनी दाखवलं.

सहा स्पेस

न्यूयॉर्कच्या स्विचने काही लपवलं नव्हतं. अथेन्समध्ये पुढे जे घडलं, त्यात यंत्राला लपवायला शिकवलेलं होतं.

ऑगस्ट २००४ मध्ये, ऑलिम्पिकच्या आसपास, व्होडाफोन ग्रीसच्या एक्स्चेंजांत कुणीतरी गुपचूप एक प्रोग्रॅम बसवला. ही एक्स्चेंज एरिक्सनच्या एएक्सई जातीची होती. त्यांचा एक मोठा गुण असा, की ती बंद न करता, चालू असतानाच त्यांच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करता येते. कॉल तुटू नयेत म्हणून ही सोय. घुसखोरांनी हीच सोय वापरून २९ ठिकाणी आपली 'दुरुस्ती' चिकटवली. कायद्याने परवानगी दिलेल्या टॅपिंगसाठी लागणारं सॉफ्टवेअर त्या एक्स्चेंजांत २००३ च्या अपग्रेडबरोबर आलेलंच होतं. पण कोणाचा फोन ऐकला जातोय याची रीतसर नोंद ठेवणारा त्याचा दुसरा भाग कंपनीने घेतला नव्हता. म्हणजे कान होते, वही नव्हती.

शंभराहून अधिक फोन ऐकले गेले. त्यांत पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांचाही होता. संभाषणाची एक प्रत चौदा प्रीपेड मोबाइलपैकी एखाद्याकडे वळवली जायची.

प्रोग्रॅमचा बराचसा भाग ऐकण्यासाठी नव्हे, तर स्वतःला लपवण्यासाठी होता. चालू असलेल्या प्रक्रियांची यादी मागितली, तर यंत्र ती या प्रोग्रॅमला वगळून देई. सगळ्यात थंड डोक्याची युक्ती कन्सोलवरच्या आज्ञांमध्ये होती. एखादी साधी, निरुपद्रवी आज्ञा टाइप करून तिच्यापुढे सहा वेळा स्पेस दाबला, की आज्ञांची नोंद ठेवणारा लॉग बंद पडायचा आणि लॉग बंद पडल्याची धोक्याची सूचनाही दाबली जायची. स्क्रीनवर स्पेस दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही काही कळलं नसतं.

हे उघडकीला आलं ते एका क्षुल्लक बिघाडामुळे. २४ जानेवारी २००५ रोजी घुसखोरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये काही बदल केला आणि त्यामुळे एसएमएस पुढे पाठवण्यात अडथळा आला. संदेश पोहोचेनात, यंत्राने आपोआप बिघाडाचा अहवाल तयार केला आणि तपास एरिक्सनकडे गेला. टॅपिंगबद्दल यंत्र गप्प होतं, पण न पोहोचलेल्या एसएमएसबद्दल गप्प राहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कित्येक आठवडे शोधल्यावर, मार्चच्या सुरुवातीला एरिक्सनने व्होडाफोनला कळवलं: इथे आमचा नसलेला प्रोग्रॅम आहे.

पुढचं वाचताना मन खिन्न होतं. कंपनीने तो प्रोग्रॅम लगेच काढून टाकायला लावला. घुसखोरांना सुगावा लागला, चौदाही मोबाइल बंद झाले, माग काढण्याची संधी गेली. एक्स्चेंजच्या नोंदी जागेअभावी थोडेच दिवस ठेवल्या जात. इमारतीत कोण आलं-गेलं याच्या वह्या मुदत संपल्यावर नष्ट केल्या गेल्या. ज्या सर्व्हरांवरून एक्स्चेंजमध्ये शिरता येई, त्यांपैकी दोन त्याच उन्हाळ्यात अपग्रेड झाले आणि त्यांतले लॉगही गेले. प्रोग्रॅम काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, ९ मार्चला, कंपनीच्या नेटवर्क नियोजनाचे प्रमुख आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. ग्रीक सरकारने त्या मृत्यूचा पुरेसा तपास केला नाही, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ साली दिला. म्हणजे एका माणसाच्या मरणाचं उत्तरही काही प्रमाणात हरवलेल्या नोंदींत अडकलं.

कारण क्रमांक १६

एके काळी राष्ट्रीय कंपन्यांकडेच असलेलं हे यंत्र आज कुणाच्याही टेबलाखाली मावतं. १९९९ साली अलाबामातल्या मार्क स्पेन्सरने आपल्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज विकत घेणं परवडेना म्हणून साध्या संगणकावर चालणारा 'ॲस्टरिस्क' हा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आता कॉल सेंटरं, दवाखाने, छोटी ऑफिसं त्यावर चालतात. त्याच्या कन्सोलला दुरून जोडून घेताना जितके जास्त 'व्ही' टाइप कराल, तितका तो जास्त बोलतो.

पण जुना प्रश्न तिथेही भेटतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये कॉल जोडण्याचे संदेश एका वाटेने जातात आणि आवाज दुसऱ्या वाटेने. मधल्या राउटरने आवाजाची वाट अडवली, तर फोन वाजतो, उचललाही जातो आणि एकाला दुसऱ्याचं काहीच ऐकू येत नाही. दोघं थोडा वेळ 'हॅलो, हॅलो' करतात आणि ठेवून देतात. लॉग म्हणतो: कॉल उचलला, काही सेकंद चालला, कारण क्रमांक १६, म्हणजे नेहमीसारखा संपला. यंत्राच्या दृष्टीने हा यशस्वी कॉल. खरं काय झालं ते त्या 'हॅलो' म्हणणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून ग्राहकाने 'आवाज येत नाही' असं सांगितलं की 'लॉगमध्ये तर सगळं ठीक दिसतंय' हे उत्तर पुरेसं नसतं.

याची दुसरी बाजूही आहे. बटणांचे आकडे टिपायला सांगितलं तर हाच सर्व्हर फोनवर दाबलेलं प्रत्येक बटण लिहून ठेवतो, त्यात कुणाचा बँकेचा पिनही येऊ शकतो. जास्त बोलणारं यंत्र नेहमी चांगलंच असं नाही. काय लिहायचं, किती दिवस ठेवायचं, कुणाला वाचू द्यायचं आणि लिहिणं बंद कोण करू शकतं, हे चार निर्णय माणसंच घेतात, बहुतेकदा एखाद्या सेटिंगच्या फाइलमध्ये, फारसा विचार न करता. अथेन्समध्ये यांपैकी प्रत्येक निर्णयाची किंमत मोजावी लागली. ऑपरेटर गेली तेव्हा यंत्राला साक्षीदार करण्याचं काम आपल्यावर आलं. ते शंभर वर्षांत दिव्यांवरून कार्डांवर, कार्डांवरून स्क्रीनवर गेलं, पण आपल्यावरून उतरलेलं नाही.