अविनाशी शोभा : पेत्राच्या एका उपदेशाचा इतिहास

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील आरंभीची वचने आपल्या मंडळ्यांतून वारंवार वाचली जातात. विवाहविधीत ती वाचली जातात, महिला मंडळांच्या सभांत त्यांवर प्रवचने होतात. वेणीफणी, सोन्याचे दागिने व उंची वस्त्रे ही स्त्रीची खरी शोभा नव्हे. खरी शोभा अंतःकरणात दडलेल्या माणसाची, सौम्य व शांत आत्म्याची. ती नाश पावत नाही आणि देवाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, असा त्या वचनांचा आशय आहे. उपदेश सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यातून बोध कोणता घेतला जातो? बहुधा दोन गोष्टींचा. स्त्रीने साधे राहावे, ही एक. आणि तिने निमूट राहावे, ही दुसरी. पहिली गोष्ट अयोग्य नाही, परंतु अपुरी आहे. दुसरी तर प्रेषिताने सांगितलेलीच नाही. ज्या स्त्रियांनी हा उपदेश आपल्या आयुष्यात उतरविला, त्यांची चरित्रे पाहिली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी तिघींचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मूळ पत्राची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या प्रांतांतील ख्रिस्ती लोकांस लिहिले आहे. तेथील अनेक स्त्रियांचे पती ख्रिस्ती नव्हते. पतीचे जे देव तेच पत्नीचे देव, तिने इतर कोणाची उपासना करू नये, असा त्या काळचा शिष्टाचार होता. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने नवविवाहितांस केलेल्या उपदेशात हाच नियम घालून दिला आहे. अशा घरात जी स्त्री एकट्या ख्रिस्ताची उपासना करी, तिने आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधीच प्रकट केलेले होते. तिला अधीनतेचा उपदेश करताना प्रेषित तिचा विश्वास पतीच्या हाती देत नाही. उलट, चांगले करीत राहा आणि कोणत्याही दहशतीला भिऊ नका, असे सांगूनच तो उपदेशाचा शेवट करतो.

मूळ ग्रीक शब्दही पाहण्यासारखे आहेत. अंतःकरणातील ज्या 'माणसा'चा येथे उल्लेख आहे त्यासाठी 'आन्थ्रोपॉस' हा शब्द आहे. तो स्त्री व पुरुष दोघांनाही लागू पडतो. 'सौम्य' या अर्थी जो 'प्राउस' शब्द आहे, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःविषयी वापरतो. तेव्हा सौम्यता हा स्त्रियांसाठी वेगळा काढून ठेवलेला दुबळा सद्गुण नसून ते ख्रिस्ताचेच शील आहे. आणि ख्रिस्त सौम्य होता म्हणून तो मंदिरातील सराफांपुढे गप्प राहिला नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, याच अध्यायात पुढे आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकास उत्तर देण्यास सिद्ध राहा, असे सर्व विश्वासणाऱ्यांस सांगितले आहे, आणि ते उत्तर सौम्यतेने द्यावे असे म्हटले आहे. म्हणजे एकाच अध्यायात सौम्यता आणि वाणी यांची सांगड घातलेली आहे. जी सौम्यता बोलूच देत नाही, ती पेत्राची सौम्यता नव्हे.

पुढील काळात मात्र उपदेशाचा भर आतून बाहेर सरकला. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील तर्तुल्यन याने स्त्रियांच्या वेशभूषेवर लिहिताना हव्वेच्या पापाचा भार प्रत्येक स्त्रीच्या माथी ठेवला आणि तिने शोकवस्त्रे ल्यावी अशी भाषा वापरली. त्याच सुमारास आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटने आपल्या 'पेदागोगस' या ग्रंथात अलंकार, केसांचे रंग, पादत्राणे यांविषयी बारीकसारीक नियम सांगितले. धनाचा उपयोग गरिबांसाठी व्हावा, हा त्यामागील क्लेमेंटचा विचार मोलाचा होता. परंतु वाचकांच्या ध्यानी नियम राहिले, विचार मागे पडला. अंतःकरणाच्या शोभेचा उपदेश कपड्यांच्या उपदेशात रूपांतरित झाला.

तथापि ज्या पंत प्रांतास पेत्राने पत्र लिहिले, त्याच प्रांतात चौथ्या शतकात या उपदेशाचे एक जिवंत भाष्य निर्माण झाले. बासिल आणि निसाचा ग्रेगरी या दोन थोर धर्माचार्यांची वडील बहीण माक्रिना ही ती स्त्री होय. बाराव्या वर्षी तिचा वाङ्‌निश्चय झाला होता. परंतु नियोजित वर मरण पावला आणि तिने पुन्हा विवाह न करण्याचा निर्धार केला. घराणे श्रीमंत होते. माक्रिनाने आपल्या आईचे मन वळविले आणि घरातील दासींना बरोबरीच्या नात्याने वागविण्यास सुरुवात केली : एकच पंगत, एकच प्रकारचे अंथरूण, एकच प्रार्थना. आयरिस नदीकाठच्या अन्निसा येथील त्यांचे घर अशा रीतीने भगिनींचा आश्रम झाले. बासिल विद्या संपादून परत आला तेव्हा त्याला आपल्या वक्तृत्वाचा गर्व झाला होता. त्याला ताळ्यावर आणून भक्तीच्या मार्गास लावणारी ही बहीणच होती, असे ग्रेगरी लिहितो. इ. स. ३७९ च्या सुमारास ती मरणशय्येवर असताना ग्रेगरी तिला भेटावयास गेला. भाऊ बासिलच्या मृत्यूने तो खचून गेला होता. तापाने फणफणलेल्या माक्रिनाने त्याला आत्मा व पुनरुत्थान यांविषयी समजावून सांगितले. त्या संभाषणावर रचलेल्या ग्रंथात ग्रेगरी, जो स्वतः बिशप होता, तिला 'गुरू' म्हणूनच संबोधतो.

तिच्या अंत्यविधीचा प्रसंग ग्रेगरीने तिच्या चरित्रात सांगितला आहे. अंगावर घालण्यासाठी काही चांगले वस्त्र ठेवले आहे काय, असे त्याने विचारले. तेव्हा लांपादियोन नावाच्या सेविकेने एक जुना झगा, डोक्यावरचे वस्त्र आणि झिजलेल्या वहाणा दाखविल्या. तिची संपत्ती ती एवढीच, आणि निर्मळ जीवन हेच तिचे भूषण, असे तिने सांगितले. गळ्यात लोखंडाचा एक क्रूस आणि एक अंगठी, एवढेच होते. शोक करणाऱ्या स्त्रियांत काहींचा आक्रोश विशेष तीव्र होता. दुष्काळात रस्त्यावर टाकून दिलेल्या या मुलींना माक्रिनाने उचलून आणून वाढविले होते. त्या तिला आई म्हणून हाका मारीत होत्या. जुना झगा हे तिच्या शोभेचे कारण नव्हते. ज्या अंतःकरणाने रस्त्यावरच्या मुली उचलल्या, त्याच अंतःकरणाला झग्याची चिंता उरली नव्हती.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात पेत्राचे हे वचन वाचणाऱ्यांपुढे मात्र एक निराळाच प्रश्न उभा होता. येथील उच्चवर्णीय विधवेचे कुंकू पुसलेले होते, बांगड्या फोडलेल्या होत्या, केस काढलेले होते. तिला साधेपणाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? जे बळाने हिरावून घेतले, तो त्याग नव्हे. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीत याच विधवांची दैना मराठी वाचकांपुढे मांडली. स्त्रीच्या अंगावरील अलंकार काढून तिचे अंतःकरण सुंदर होत नाही; तिला माणूस म्हणून उभे राहू दिले, तरच अंतःकरणातील ते माणूस वाढू शकते.

हे सत्य पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याने सिद्ध केले. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या मुलीला दिली. पुढे दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व बहीण अन्नावाचून गेली. १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी त्यांचा गौरव झाला. १८८० साली त्यांचा विवाह झाला आणि १८८२ च्या प्रारंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्या विधवा झाल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींनी चालविलेले लंडनमधील एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने जवळ केले जात होते. या मायेचा उगम काय, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस संस्कृत शिकवावे, असा विचार पुढे आला. हिंदुस्थानातील इंग्रज बिशपांनी त्यास हरकत घेतली. रमाबाईंनी ती मान्य केली नाही. भरसभेत पंडितांपुढे बोललेल्या स्त्रीने ख्रिस्ती झाल्यावर पुरुषांपुढे बोलू नये, हा न्याय त्यांना पटला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असे त्यांनी विचारले. त्रैक्यासारख्या सिद्धांताविषयी मनात शंका असताना केवळ आज्ञेवरून तो मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांच्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डीन यांना, हा अहंकार वाटला. दोघींचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. त्यात कडवटपणा आहे, तशीच ममताही आहे. छोटी मनोरमा या भगिनीला आजी मानीत असे. रमाबाईंनी वाद घातला, परंतु नाते तोडले नाही. नाते जपले, परंतु सत्याशी तडजोड केली नाही. सौम्यता आणि वाणी यांची पेत्राने घातलेली सांगड ती हीच.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन स्थापिले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून सदनावर मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. ज्या मुलीने स्वतःची आई दुष्काळात गमाविली होती, ती शेकडो दुष्काळपीडितांची आई झाली. अन्निसा आणि केडगाव यांच्यामध्ये दीड हजार वर्षांचे अंतर आहे. परंतु रस्त्यावरून उचललेल्या मुलींच्या तोंडची हाक एकच आहे. रमाबाईंचे साधे पांढरे लुगडे सर्वांना आठवते. ते कोणी त्यांच्यावर लादलेले नव्हते, म्हणूनच ते शोभले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी इब्री व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी होती. त्यांना ना शास्त्राध्ययन लाभले, ना परदेशप्रवास. १८६८ साली जन्मलेल्या या मुलीने वडिलांचे सोवळ्याचे अतोनात वेड बालपणी सोसले. बाहेरची शुद्धी घराला कशी जाचते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पेत्राच्या पत्रातील परिस्थिती येथे उलटी झाली : पती विश्वासणारा, पत्नी नव्हे. काही वर्षे दोघे विभक्त राहिली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी पतीचा धर्म केवळ पतीचा म्हणून स्वीकारला नाही. जातिभेद देवाने निर्माण केला नाही, तो माणसांनी केला, हे स्वतःच्या मनास पटले तेव्हा त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आयुष्यभर अंगात मुरलेले सोवळे टाकून देणे म्हणजे दागिना उतरविणे नव्हे. ते अंतःकरणाचे काम आहे. पुढे प्लेगच्या साथीत त्यांनी रोग्यांची सेवा केली. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांनी पतीचा संताप व लहरीपणा लपविला नाही, आणि त्याविषयी कटुताही ठेवली नाही. सत्य सांगून हसू शकणे ही शांत आत्म्याची खूण आहे.

या तिघींच्या चरित्रांतून उपदेशकांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, अंतःकरणाची शोभा वेशावरून मोजता येत नाही. माक्रिनाच्या दासी तिच्या बरोबरीला बसल्या, केडगावी टाकलेल्या मुली अक्षरे जुळवू लागल्या, लक्ष्मीबाईंच्या ओठी परक्या हातचे पाणी लागले. शोभा ओळखावयाची ती अशा खुणांवरून. दुसरी गोष्ट अशी की, ही शोभा आज्ञेने उत्पन्न होत नाही. प्रार्थना, शास्त्राचे मनन, सत्याची आवड आणि दीनांची सेवा यांत ती हळूहळू वाढते; त्यासाठी स्त्रीला शिकण्यास, विचारण्यास व बोलण्यास अवकाश हवा. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घरात मारझोड सोसणारी एखादी भगिनी धर्मगुरूकडे येते, तेव्हा तिच्यापुढे हे वचन वाचून तिला निमूटपणे परत धाडणे हा प्रेषिताच्या शब्दांचा विपर्यास आहे. याच अध्यायात पुढच्याच वाक्यात पतीला बजावले आहे की, पत्नी ही जीवनाच्या कृपेची सहवारस आहे. तिला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनांना अडथळा येईल. तिच्या दुःखाला वाचा फुटली म्हणजे तिची सौम्यता भंगत नाही. तिला आसरा देणे व तिचे म्हणणे मंडळीपुढे नेणे हे अशा वेळी धर्मगुरूचे कर्तव्य ठरते.

विवाहविधीत हे वचन पुन्हा वाचण्याची वेळ येईल, तेव्हा ते सातव्या वचनापर्यंत वाचावे, आणि वधूबरोबर वरानेही ते ऐकावे. अंतःकरणातील ते माणूस दोघांमध्येही आहे, आणि ख्रिस्ताच्या सौम्यतेने त्याला नटविण्याचे काम दोघांकडेही सोपविले आहे.