योकोहामाचा स्टुडिओतला सामुराई

सामुराईचा तो जुना रंगीत फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. चिलखत, तलवार, करारी नजर. असे बरेच फोटो १८८०च्या दशकात योकोहामा बंदरातल्या स्टुडिओंमध्ये काढले गेले. कुसाकाबे किम्बेई हे त्यातलं गाजलेलं नाव. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर फोटो छापायचा, मग चित्रकारांनी त्यात हाताने रंग भरायचे. गिऱ्हाईक म्हणजे बोटीने आलेले परदेशी प्रवासी.

पण सामुराईंना तलवार लावून फिरायला १८७६मध्येच बंदी आली होती. योकोहामाहून टोकियोकडे १८७२पासून रेल्वे धावत होती. चिलखतातला माणूस पोझ देणारा मॉडेल होता. प्रवाशाला हवा असलेला जपान त्याला अल्बममध्ये बांधून मिळत होता.

‘जुना जपान’ म्हणून फोटो फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: हा कुणासाठी काढला होता?